कुंडीतला बदाम

कुरुंदवाडच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक कुंडी आहे आणि त्या कुंडीत एक झाड आहे. झाड म्हणजे काय, पुरुषभर उंचीची, पाचसात काटकुळ्या फांद्यांची जुडी. खाली उघड्या काठ्या आणि शेंड्याला लांबट, अरुंद, कातरलेल्या कडांच्या पानांचा झुबका. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मास्तर, हे कसलं झाड?" आम्ही सांगतो, "बदामाचं." पाहुणा हसतो. "चेष्टा करताय व्हय? बदामाचं झाड आम्ही काय बघितलं न्हाई? आमच्या शाळंच्या पटांगणात होतं की! पत्रावळीएवढी पानं त्येची."

पाहुण्याचे खोटे नाही, आणि आमचेही खोटे नाही. या दोन खऱ्यांच्या मध्ये एक बराच लांबचा इतिहास पडला आहे. तो इतिहास चाळण्याची पाळी माझ्यावर का आली, ते आधी सांगतो.

झाड माझ्या आत्याचे. २००३ च्या भाद्रपद-आश्विनात ती यात्रेच्या मंडळीबरोबर काश्मीरला गेली होती. येताना सगळ्यांनी शाली आणि केशर आणले; आत्याने टरफलासकट बदाम आणले. श्रीनगरला हरिपर्वताच्या पायथ्याशी बदामवारी नावाची बाग आहे. वसंताच्या आरंभी ती फुलते तेव्हा सारे शहर तिथे लोटते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. आत्याने फुले पाहिली नाहीत, ऋतू तो नव्हता. पण घरी आल्यावर तिने सात बदाम ओल्या वाळूत घालून पाण्याच्या माठाखाली ठेवले. माघात त्यातला एक उगवला. तो तिने एका फुटक्या दगडी कुंडीत लावला, पुढे तेलाच्या डब्यात आणि शेवटी सिमेंटच्या कुंडीत.

त्या झाडाला आज वीस वर्षे उलटून गेली. त्याने एकदाही फूल दाखवलेले नाही. आत्या २०२१ च्या हिवाळ्यात गेली. आता मागच्या भिंतीचे काम काढले आहे, पुराच्या भीतीने जोते उंच करायचे आहे, आणि मुलाने सरळ प्रश्न टाकला: "बाबा, फळ नाही, फूल नाही, सावली नाही. ही कुंडी ठेवायची कशासाठी?" मी त्याच्याकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. एका झाडाची बाजू मांडण्यापुरता तरी तो उपयोगी पडावा, एवढीच इच्छा होती.

पहिला निवाडा दोन बदामांचा. शाळेच्या पटांगणातला, मजल्यामजल्याने आडव्या फांद्या पसरणारा, पाने गळण्याआधी लालभडक होणारा बदाम, ज्याची फळे वटवाघळे रात्री खाली टाकतात आणि ज्यांचा बाठा दगडाने फोडण्यात आम्हां सर्वांचे बालपण गेले, तो मूळचा आग्नेय आशियाच्या समुद्रकाठचा. त्याचे फळ पाण्यावर तरंगते आणि लाटांबरोबर दूर जाते. मलायी भाषेत त्याला 'केतापांग' म्हणतात. त्यावरूनच लिनियसने १७६७ साली त्याच्या शास्त्रीय नावात 'कटाप्पा' हा शब्द घातला. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला, त्यात या झाडाची चित्रे आली आहेत. त्याच्या बाठ्यातल्या बारीक गराची चव थोडीशी बदामासारखी लागते. तेवढ्या चवीवर आपण त्याला बदाम म्हणून टाकले. खऱ्या बदामाशी त्याचे कुळाचे काहीएक नाते नाही.

खरा बदाम म्हणजे आत्याच्या कुंडीतला. तो गुलाबाच्या कुळातला. पीच, जर्दाळू, आलुबुखार ही त्याची भावंडे. त्याचे माहेर इराण आणि मध्य आशियाच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर. रानातला मूळ बदाम कडू असतो आणि नुसता कडू नव्हे, विषारी. त्यातले कडू द्रव्य चावताना फुटते आणि त्यातून सायनाइड निघते. मूठभर रानबदाम माणसाला पुरेसे होतात. हजारो वर्षांपूर्वी कोण्या एका झाडात हे कडू द्रव्य तयार करण्याची क्रिया थांबली, ते गोड झाड कोणाच्या तरी जिभेला सापडले, आणि त्याचीच संतती माणसाने जपली. एका जनुकातल्या लहानशा बदलाने हे घडले, असे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे गोड बदाम हा निसर्गाची चूक आणि माणसाची निवड या दोहोंचे अपत्य होय.

आपल्या देशात हे फळ नवे नाही. चरकसंहितेत अक्रोडाच्या पंगतीला 'वाताम' बसला आहे. पुढे भावप्रकाशातही त्याचे गुण सांगितले आहेत. संस्कृतातला वाताम आणि फार्सीतला बादाम हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत हे कोणाच्याही कानाला पटेल. परंतु वैद्यांना माहीत असलेला बदाम वाण्याच्या दुकानातला. हिमालयाच्या अलीकडे त्याचे झाड पाहण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच आला असेल.

झाडे तेव्हा प्रवास करीत नसत असे मात्र नाही. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग पंजाबातल्या चीनभुक्ती नावाच्या प्रांताची हकीकत सांगतो: कनिष्काच्या काळी चीनच्या बाजूचे राजपुत्र ओलीस म्हणून तिथे राहिले होते आणि पीच व नासपती ही फळझाडे त्यांनी या देशात आणली. बदामाची सख्खी बहीण अशी ओलिसांच्या हाताने येऊन पंजाबात रुजली. बदाम मात्र डोंगराच्या पलीकडेच थांबला. आले ते त्याचे फळ.

ते कोठून आणि कसे आले, याचा एक सुंदर धागा बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. फरगाण्याच्या मुलखाचे वर्णन करताना बाबर 'कंद-इ-बादाम' या लहानशा गावाचा उल्लेख करतो. कंद-इ-बादाम म्हणजे बदामांचे गाव. आज ते ताजिकिस्तानात आहे आणि कोनीबोदोम या नावाने ओळखले जाते. तिथले बदाम उत्तम, आणि ते सगळे हुर्मुझला आणि हिंदुस्थानला जातात, अशी नोंद तो करून ठेवतो. सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची ही गोष्ट. हुर्मुझचे बंदर म्हणजे आपल्या चौल, दाभोळ आणि गोव्याचे जुने व्यापारी. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला लागणारे घोडे याच बंदरातून आपल्या किनाऱ्यावर उतरत. कंद-इ-बादामच्या गोण्याही याच जलमार्गाने दख्खनकडे आल्या असाव्यात. बदाम आणि घोडा हे दोन पाहुणे एकाच वाटेचे, हे लक्षात ठेवावे. घोड्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

याच बाबराने हिंदुस्थान जिंकल्यावर आग्र्याला बाग घातली, द्राक्षे व खरबुजे लावली, आणि काबूलकडून आलेले एक खरबूज कापताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे तो स्वतःच लिहितो. एवढा मोठा पातशहा, पण परक्या मातीत आपल्या गावचे फळ आल्याचे त्याला केवढे अप्रूप! आत्याच्या वाळूतल्या सात बदामांकडे पाहताना मला त्याची आठवण झाली. फरक एवढाच की, बाबर गावची आठवण म्हणून लावीत होता आणि आत्या न पाहिलेल्या फुलांसाठी.

सतराव्या शतकात तर बदामाने आपल्या बाजूला एक अजब काम केले. गुजरातेत, सुरतेच्या बाजारात, तो चलन म्हणून चालत असे! ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या काळी अनेकदा हिंदुस्थानात आला. पैशाच्या खालची मोड म्हणून इराणातून येणारे कडू बदाम वापरतात आणि एका पैशाला कधी पस्तीस तर कधी चाळीस बदाम मिळतात, असे त्याने नमूद केले आहे. ते इतके कडू की पोरे नाणी खाऊन टाकतील ही भीती नाही, असेही तो गमतीने सांगतो. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली ज्या सुरतेवर स्वारी केली, त्या शहराच्या पेठेत एकीकडे हिरे-मोत्यांचे ढीग आणि दुसरीकडे भाजीवालीच्या पदरात कडू बदामांची मोड, असे हे चित्र आहे. गोड बदाम श्रीमंताच्या ताटात आणि कडू बदाम गरिबाच्या कनवटीला!

असे शतकानुशतके फळ येत राहिले आणि मराठी घरात मुरत गेले. आपण रंगाला बदामी म्हणू लागलो. पत्त्यांच्या डावात इस्पिक, किलवर, चौकट यांच्या जोडीला बदाम आला; ज्या आकाराला साहेब हृदय म्हणतो त्याला आपण बदाम म्हणतो, आणि 'बदाम सात' खेळताना त्यात काही वावगे वाटत नाही. परीक्षेच्या दिवसांत भिजवलेले चार बदाम सोलून मुलाच्या हातावर ठेवणारी आई घरोघर आहे. आमच्याकडे, कृष्णा-पंचगंगेच्या काठी, बासुंदी ही गावाची कीर्ती. तिच्यावर सणावारी बदामाचे काप येतात ते इतके पातळ की त्यातून पलीकडचे दिसावे.

पण कोल्हापूरच्या मुलखात बदामाचे खरे ठाणे म्हणजे तालीम. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, मल्ल पोसले, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. तेव्हापासून या जिल्ह्यात थंडाई हा शब्द लहान पोरालाही कळतो. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी भिजत घालायची आणि ती ज्या मोठ्या जड भांड्यात सोट्याने घोटायची त्या भांड्याचे नाव कुंडी! माझे आजोबा तालमीतले. त्यांची थंडाईची दगडी कुंडी त्यांच्या मागे परसात पडून होती आणि तिला तळाशी तडा गेला होता. आत्याने आपला बदाम पहिल्यांदा लावला तो याच कुंडीत. ज्या कुंडीत दोन पिढ्या बदाम वाटले गेले तिच्यात एक बदाम उगवला! आजोबांनी ते पाहिले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

तडा होता हेही बरे झाले. बदामाच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. ती खडकाच्या फटीत वाढलेली जात आहे. आणि आमचा शिरोळ तालुका म्हणजे काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी जमीन, त्यात उसाला दिलेले पाणी. जास्त पाण्याने तालुक्यातल्या कितीतरी जमिनी क्षारपड होऊन गेल्या. तिथे उसाचीच दैना, तर बदामाची काय कथा? आत्याने झाड जमिनीत न लावता कुंडीत ठेवले, वाळू, वीटकर आणि शेणखत सारखे मिसळून घातले, ते तिला कोणी शिकवले नव्हते. पण त्यामुळेच ते जगले.

जगले, मग फुलले का नाही? याचे उत्तर शास्त्राजवळ आहे आणि ते मोठे निष्ठुर आहे. बदामाची फूलकळी उन्हाळ्यातच धरते आणि मग झोपी जाते. तिला जागे करायला आधी थंडी लागते. साधारण सात अंशांच्या खाली दोनशे ते पाचशे तास, म्हणजे मध्यम जातीचे तीनशे तास धरले, आणि रात्रीचे पाचसहा तास तेवढी थंडी पडली असे मानले, तरी अशा पन्नास-साठ रात्री हव्यात. कोल्हापूरकडे डिसेंबर-जानेवारीत सरासरी किमान तापमान चौदा-पंधरा अंशांच्या आसपास असते. तेव्हा आमच्याकडे बदामाचा हिवाळा येतच नाही. थंडीवाचून हे झाड गोंधळते: पाने वेळेवर गळत नाहीत, कळ्या वेळेवर उमलत नाहीत, शेंड्याचे डोळे तेवढे फुटतात आणि खालच्या काठ्या उघड्या राहतात. आमच्या झाडाचे ध्यान मी वर सांगितले ते याच दुखण्याचे. बीसुद्धा पुरेशा थंडीवाचून उगवली तर या कुळातली रोपे खुरटी राहतात; माठाखालच्या गारव्याने आत्याच्या बीला जेमतेम जाग आली, पुरती नव्हे. त्यात आणखी एक अडचण: बदामाच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड हवे आणि मध्ये मधमाश्या हव्यात. आज जगातले बहुतांश बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात. तिथे फुलोऱ्याच्या दिवसांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून मधमाश्यांच्या पेट्या मालमोटारींवर लादून आणतात. आमचे झाड एकटे.

आत्याला हे तासांचे गणित कोणी सांगितले नव्हते, पण थंडी कमी पडते हे तिने ओळखले होते. एका पौषात ती रोज रात्री बर्फाचे तुकडे झाडाच्या बुंध्याशी घालीत असे. आम्ही हसलो. आता वाचनात आले की थंडी मोजतात त्या कळ्या, मुळे नव्हेत. बर्फ खाली पडत होता आणि तहान वर होती.

झाडांच्या जागा बदलण्याचे प्रयोग आमच्या भागात थोरामोठ्यांनीही केले. शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीची लागवड करून पाहिली. इंग्रजांनी महाबळेश्वरला बटाटा आणि विलायती भाज्या लावल्या. तिथल्या स्ट्रॉबेरीने तर आता मुक्कामच केला आहे. जे रुजले त्याचा इतिहास होतो. जे रुजले नाही ते कोणी लिहून ठेवीत नाही. आणि इथेच मला माझ्या गावाची आठवण झाली. कारण कुरुंदवाड हे गाव म्हटले तर लावलेल्या रोपांचेच गाव आहे.

पटवर्धन इथले कुठे? मूळ पुरुष हरभट पटवर्धन रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे. इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय म्हणून घाटावर आले. त्यांच्या मुलांनी पळी-पंचपात्र ठेवून तलवार धरली, पेशव्यांच्या फौजेत नाव काढले, आणि अठराव्या शतकात त्र्यंबक हरी यांच्याकडे कुरुंदवाड आले. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड ही सगळी त्याच कोकणी रोपाची फांदी. पुढे कुरुंदवाडच्याही थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या, आणि १९४८ साली दोन्ही संस्थाने विलीन झाली.

तेच गाण्याचे. ग्वाल्हेरचा ख्याल हे उत्तरेचे झाड. मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा पायपीट करीत ग्वाल्हेरला गेले, वासुदेवबुवा जोशींकडे राहून ते गाणे शिकले आणि मिरज-इचलकरंजीला येऊन त्यांनी ते शिष्यांना दिले. त्या शिष्यांत आमच्या कुरुंदवाडचा एक कीर्तनकाराचा मुलगा होता. १८७२ चा जन्म. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून शाळा सुटली आणि गाणे धरले. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. ग्वाल्हेरहून मिरजेला आलेले हे कलम त्यांनी १९०१ साली थेट लाहोरला नेऊन लावले, गांधर्व महाविद्यालय या नावाने. उत्तरेचे गाणे दक्षिणेत रुजून पुन्हा उत्तरेला गेले! आणि ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ, ज्यांच्या गळ्याने लोकांना वेड लावले, ते आपल्या अखेरच्या दिवसांत कुरुंदवाडलाच राहिले आणि १९२२ साली इथेच पैगंबरवासी झाले.

रहिमतखाँना सांभाळणारे विष्णुपंत छत्रे. आता घोड्याकडे येऊ. छत्रे हे अश्वविद्येतले नाणावलेले. कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरी त्यांनी घोड्यांची व्यवस्था पाहिली. मुंबईत चिआरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस आली, तिचे कसब पाहून छत्र्यांना ईर्षा वाटली आणि २० मार्च १८८० रोजी त्यांनी मुंबईत आपली सर्कस उभी केली. हिंदुस्थानातली ही पहिली आधुनिक सर्कस. इटलीचे रोप, अरबस्तान-इराणच्या वाटेने आलेला घोडा आणि कृष्णाकाठची जिद्द, असे ते कलम होते.

कोकणचे घराणे रुजले, ग्वाल्हेरचे गाणे रुजले, इटलीची सर्कस रुजली. मग बदामच का नाही? मी पुष्कळ विचार केला आणि मला एवढेच सुचले: गाणे आले ते नुसते आले नाही, त्याच्यासाठी कोणीतरी बारा-बारा वर्षे गुरूच्या घरी पाणी भरले. म्हणजे गाण्याला जो हिवाळा लागतो तो शिष्यांनी स्वतः सोसला. माणूस आपल्या अंगावर ऋतू घेऊ शकतो. झाडाचा ऋतू दुसऱ्याला घेता येत नाही. आत्याने बर्फ घालून तेच करू पाहिले, ते साधले नाही. यात झाडाचा दोष नाही आणि आत्याचाही नाही.

राहिला प्रश्न कुंडीचा. झाड आपल्या मातीसकट उचलून नेण्याची युक्ती फार जुनी आहे. साडेतीन हजार वर्षांमागे मिसरच्या हत्शेप्सुत राणीने पुंत देशातून सुगंधी झाडे आणवली. टोपल्यांत लावलेली ती झाडे माणसे दांड्यांवरून वाहत आहेत, अशी चित्रे तिच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डॉक्टर वॉर्डने काचेच्या बंद पेटीत रोपे जगतात हे दाखवले आणि त्याच पेट्यांतून चीनचा चहा हिंदुस्थानात आला. आपल्याकडची कुंडी मात्र वेगळी. आपली सर्वांत जुनी कुंडी म्हणजे तुळशीवृंदावन. ते जागचे हलत नाही. घर तिथे वृंदावन आणि वृंदावन तिथे घर.

या दोन कुंड्यांमधला फरक आम्हांला पुराने शिकवला. नदीकाठच्या गावाला पूर नवा नसतो. पलीकडे नृसिंहवाडीला मंदिरात पाणी शिरले की दक्षिणद्वार झाले म्हणून लोक स्नानाला जातात. पण २००५ चा पूर निराळा होता आणि २०१९ चा त्याहून निराळा. २००५ ला झाड तेलाच्या डब्यात होते. आत्याने ते काखोटीला मारून माडीवर नेले. २०१९ च्या ऑगस्टात पाणी दाराशी आले तेव्हा नाव येऊन थांबली होती, धान्याची पोती वर चढवायची होती, आणि सत्तरी ओलांडलेली आत्या म्हणाली, "आधी कुंडी."

मी चिडलो. "आत्या, वेळ कुठली आहे? तुळस तशीच राहतेय, आणि या वांझ झाडाचं काय घेऊन बसलीस?"

ती म्हणाली, "तुळशीला घर आहे रे. ती बुडाली तर लावीन दुसरी. ह्याला कोण आहे इथं?"

दोघांनी मिळून कुंडी जिन्यावरून वर नेली. खांदा आठ दिवस दुखत होता. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा अंगणात गुडघाभर चिखल होता आणि वृंदावनातली तुळस कुजून काळी झाली होती. त्या वर्षी कार्तिकात दुसरी तुळस लावली, तुळशीचे लग्नही झाले. माडीवरचा बदाम मात्र जसाच्या तसा होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, पुन्हा आम्ही कुंडी वर नेली. या खेपेस कोणी काही बोलले नाही. त्यानंतर पाच-सहा महिन्यांत आत्या गेली.

एवढी सगळी कागदपत्रे तपासून मी मुलापुढे गेलो. त्याला सांगितले: हे झाड फुलणार नाही, तू म्हणतोस ते बरोबर आहे. थंडी कमी लागणाऱ्या, ठेंगण्या, एकट्याने फळणाऱ्या जाती आता परदेशांत निघाल्या आहेत. कमी थंडीत येणारे सफरचंद आपल्या देशातही मैदानी मुलखात लावतात. उद्या तसा बदाम कुरुंदवाडला येईलही. पण तो हा नव्हे. या झाडाकडून घेण्यासारखे आता काही नाही. मग का ठेवायचे? तर मी इतिहासाचा मास्तर आहे. हजार-दीड हजार वर्षे या भागात बदाम आला तो गोणीतून, पोटात जाण्यासाठी. चलन म्हणून आला, औषध म्हणून आला, थंडाईत आला. झाड म्हणून त्याला या घरात आणले ते एका बाईने, आणि तेही फळासाठी नव्हे. माझ्या माहितीतला हा एवढाच दाखला आहे आणि तो लिहून ठेवलेला नाही, कुंडीत लावलेला आहे. दाखले फेकायचे नसतात, एवढे मी तुला शाळेत शिकवले होते.

मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग गवंड्याला हाक मारून म्हणाला, "त्या कोपऱ्यात जिन्याजवळ कट्टा बांधा. कुंडी ठेवायची आहे. वर न्यायला सोपी पडेल अशी."

कट्टा झाला आहे. परवा नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून अंगणात आलो तेव्हा पणती तुळशीपुढे होती आणि दुसरी कोणीतरी कुंडीशेजारी ठेवली होती. हवेत गारठा होता. तापमापक पाहिला: एकोणीस अंश. बदामाच्या हिशेबाला अजून बारा अंश कमी हवे होते. शेंड्याला दोन नवी पाने मात्र फुटलेली होती, अवेळी, नेहमीसारखी.